चौरंगावरचा लॅपटॉप

शुक्रवारी सकाळी हरिहरने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मगच लॅपटॉपच्या पिशवीची चेन उघडली. शीलाने तोवर खोली पुसून घेतली होती. तिच्या माहेरून आलेला शिसवी चौरंग एरवी सणासुदीलाच माळ्यावरून खाली उतरायचा. आज तो खोलीच्या मधोमध मांडला होता आणि त्यावर सासूबाईंची जाड गोधडी चौपदरी घालून ठेवली होती, यंत्राला कुठे टोचू नये म्हणून.

"आणि आज घरात मासळी नको," हरिहर म्हणाला.

"शुक्रवार असून?"

"अगं, परदेशातून आलेली वस्तू आहे. एवढीशी आहे, पण आपल्या अख्ख्या कारखान्याची अक्कल आहे तिच्यात. उद्या संध्याकाळपर्यंत दम धर."

वर्ष होतं सत्त्याण्णव. वागळे इस्टेटीत रतनशेटचा पंपांचा छोटा कारखाना होता आणि तिथलं स्टोअर हरिहर सव्वीस वर्षं सांभाळत होता. इतक्या वर्षांत त्याच्या ताब्यातला एक नट हरवला नव्हता की एक बल्ब फुटला नव्हता. शनिवारी अकरा वाजता पुण्याचे पाहुणे नव्या पंपाची ड्रॉइंग बघायला यायचे होते. ड्रॉइंग लॅपटॉपमध्ये होती आणि शेट गुरुवारी संध्याकाळी निघाले होते साताऱ्याला भाचीच्या लग्नाला; परतणार होते ते शनिवारी ऐन वेळेला. शुक्रवारी इस्टेटीला सुट्टी. निघताना सगळ्यांसमोर त्यांनी पिशवी उचलली आणि हरिहरच्या हातात दिली. "घरी एकदा चालवून बघा. परवा पाहुण्यांपुढे तुम्हीच सुरू करायचा. तुमच्या हातून कधी काही बिघडत नाही." हे वाक्य हरिहरने चेंदणीतल्या घरी येईपर्यंत मनात दहा वेळा म्हटलं होतं. शेवटच्या दोन वेळा त्याची त्याला भीती वाटू लागली होती.

त्याने बटण दाबलं. आतून बारीक गुरगुर झाली, हिरवा दिवा लागला. शीलाने नकळत पदर सारखा केला. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ उमटली: चुकीची डिस्क आहे, ती बदला आणि कोणतंही बटण दाबा. कोणतंही म्हणजे नेमकं कोणतं, हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून हरिहरने वरच्या ओळीपासून एकेक करत सगळी दाबली. ओळ काही हलेना.

कारखान्याचा वायरमन पोपट दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याला बोलावलं. देवळाबाहेर काढतात तशा चपला लांबच काढायला लावल्या तेव्हा तो जरा चमकला, पण आत येऊन त्याने यंत्राच्या कडेचं एक बटण खटकन दाबलं आणि आतून एक फ्लॉपी बाहेर आली.

"ही कोणी घातली, काका?"

"मीच. शेटनी सुटी दिलेली. सुटी वस्तू सुटी ठेवायची नसते. खाच होती, नेमकी बसली."

"ही आत असली की तो पहिलं हिच्यातच बघतो. बाहेर ठेवा."

आता लॅपटॉप सुरू झाला. निळं आकाश आलं, मग बारीक चित्रं आली, आणि पोपटने दोनदा टकटक केल्यावर अख्खा पंप पडद्यावर उभा राहिला. पोपटने एक कळ दाबली तसा तो पंप गर्रकन फिरला आणि त्याची मागची बाजू दिसली. तिघांचेही श्वास थांबले. सव्वीस वर्षं पंप म्हणजे हरिहरने फडताळातले सुटे तुकडेच पाहिले होते. अख्खा पंप असा अधांतरी फिरताना बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि पडदा काळा झाला.

हरिहरने घड्याळ बघितलं आणि स्टोअरच्या सवयीने वहीत लिहिलं: पंधरा मिनिटं.

"व्होल्टेजचा लोचा आहे," पोपट म्हणाला. त्याने फ्रिज बंद करवला, शेजारच्यांचा मिक्सर थांबवला. जरा वेळाने लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. या वेळी दहा मिनिटं.

"धूळ जात असेल आत. नाजूक असतं ना सगळं," शीला म्हणाली. तिने कपाटातली लोकरी शाल काढली आणि पडदा तेवढा उघडा ठेवून बाकी यंत्र बाळंतिणीसारखं गुंडाळलं. आठ मिनिटं. मग पोपटच्या मते गल्लीतून टेम्पो जातात त्यांचे हादरे बसत होते. गोधडीखाली उशी आली. सहा मिनिटं. हरिहरचा चेहरा आता वहीच्या कागदासारखा दिसत होता. उद्या अकरा वाजता आपल्या हातून काहीतरी बिघडणार, तेही पाहुण्यांसमोर, एवढंच त्याला कळत होतं.

तेवढ्यात दारात पाटी उतरली. चंद्रभागा कोळीण एकोणीस वर्षं दर शुक्रवारी याच उंबऱ्याशी बसायची.

"वहिनी, पापलेट बगा. ताजा हाय."

"आज नको, मावशी," हरिहर घाईने म्हणाला. "आणि जरा लांब बसा. आत ते आहे."

"कोन हाय? पावना?"

शीलाला हसू आलं, पण तिने सगळं सांगितलं. चंद्रभागेने मिनिटांचे आकडे ऐकले आणि भुवया वर केल्या.

"पंधरा, मंग दहा, आठ, न आता सहा. दर खेपेला तुमी त्याला काय केलात?"

"काय केलं म्हणजे? जपलं," हरिहर म्हणाला.

"मना बगू द्या."

हरिहर आडवा आला. शीलाने मात्र साबण आणि लिंबाची फोड पुढे केली. चंद्रभागेने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मासळी पारखावी तसा उलटा तळवा शालीखाली घातला.

"आग झालीया. हरीभाऊ, सुरमई अशी गोधरीत बांधली असती तर दुपारच्याला तुमाला गल्ली सोरून जावा लागला असता. जीव गुदमारलाय याचा. वारा कुठं लागतो त्याला?"

पोपट छताकडे बघू लागला.

चंद्रभागेने पाटीवरची मासळी मांडायची फळी काढली. पट्ट्यापट्ट्यांची, मध्ये फटी, खाली चार ठोकळे. शीलाने ती चिंचेने आणि राखेने घासून उन्हात वाळवली. मग शाल गेली, गोधडी गेली, उशी गेली. फळीवर लॅपटॉप ठेवला, बाजूला टेबलफॅन लावला आणि हरिहरने वही उघडली. पंधरा मिनिटं झाली. तीस झाली. तासाभराने त्याने लिहिणं सोडून दिलं.

चंद्रभागा उंबऱ्यावरून फिरणारा पंप बघत होती. पाटीतला बर्फ वितळत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "एवर्‍याशा डब्यात एवरा मोठा पंप मावला," ती हळूच म्हणाली. "मानसाची कमाल हाय."

हरिहरला फार लाज वाटली. "मावशी, आत येऊन बसा," तो म्हणाला. त्या दुपारी घरात पापलेट तळलं गेलं.

शनिवारी हरिहर पिशवीबरोबर फळीही घेऊन गेला. लॅपटॉप दोन तास चालला. पंप फिरला, उघडला, मिटला. शेवटी पुण्याच्या साहेबांनी नाक वर करून वास घेतला आणि खाली वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

रतनशेटनी हरिहरकडे पाहिलं. हरिहरला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याने सांगून टाकलं. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "आमचाही असाच बंद पडतो हो. मी गादीवर बसून काम करतो. दोन इंजिनिअर येऊन बघून गेले. ही फळी मला मिळेल?"

"हरिहर, देऊन टाका," शेट खुशीत म्हणाले. हरिहरच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फळी पुण्याच्या गाडीत गेलीसुद्धा. सव्वीस वर्षांत त्याच्या ताब्यातून हरवलेली ही पहिली वस्तू, आणि तीही दुसऱ्याची.

संध्याकाळी चंद्रभागा फळी न्यायला घरी आली तेव्हा त्याने मान खाली घालून तिला सगळं सांगितलं. "सुतार सोमवारी नवी करून देईल," तो म्हणाला.

"न उद्या रविवार. मी म्हावरा कशावं मांडू?"

शीला उठली, आत गेली आणि हातात काहीतरी घेऊन बाहेर आली. हरिहरने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन बाजारात गेला. कोळणींच्या ओळीत चंद्रभागेपुढे गर्दी होती. शिसवी चौरंगावर पापलेटं चांदीसारखी चमकत होती, बाजूने हवा खेळत होती. हरिहर पुढे झाला आणि भाव विचारण्याआधी, सवयीने, त्याने पायातल्या चपला काढल्या.