उमाठेकाकांचे न्यूट्रिनो

उमाठेकाकांकडे कोणी गेलं की ते आधी तळहात पुढे करायला लावतात. नवखा माणूस प्रसादाच्या आशेने हात पसरतो. काका गंभीरपणे म्हणतात, "गेले! अब्जावधी न्यूट्रिनो आरपार गेले. तुले काई समजलं का?" कोणालाच काही समजलेलं नसतं. मग काका समजावतात, चांगला अंधार पडेपर्यंत.

या हिंदी मुलखातल्या हुडको कॉलनीत माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून, म्हणजे माझी सुटका नाहीच. स्टील प्लांटमधून निवृत्त झालेली माणसं भजनाला जातात, कुंड्यांत मिरच्या लावतात. हे तारा फुटायची वाट बघत बसले. "मोठा तारा फुटला का न्यूट्रिनोची झुंडच निघते," हे ते सुपेल्याच्या बाजारातल्या भाजीवालीलाही हिंदीत ऐकवतात. "जोर सारखा असन तं वजनदार कण जराक मागं रायते. कोन किती मागं रायला, त्यावरून वजनाचा अंदाज निघते."

वर हे कण वाटेत रूपही बदलतात म्हणे. "कावून हासून राहिली? आपले पोट्टे घरून मराठी निघतेत, सुपेल्याले पोचेपर्यंत हिंदी होतेत. तसंच हाये. कोन्त्या रूपात किती आले ते मोजलं का अदलाबदल समजते." हे इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही बरोबर सांगेन.

त्यांची मुलगी रश्मी परदेशात याच कणांवर संशोधन करते. फोनवर बोलायचं खातं काकूंकडे होतं. त्या वारल्यावर रविवारचा फोन "जेवली का?" "हो, जेवली" एवढ्यावर आटपू लागला. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं आणि वाईट वाटायचं.

परवा रविवारी मी गोळाभात द्यायला गेले तर काका स्पीकर लावून फोनवर. "म्हंजे वजनदार कण आधी पोचते न, रश्मी? धक्का मारून?"

मी दारातच थबकले.

"बाबा, उलटं! किती वेळा सांगू तुमाले?" पलीकडून रश्मी ओरडली आणि हसत हसत पहिल्यापासून समजावू लागली. काका खुर्चीत रेलून "असं का? अन मंग?" करत ऐकत राहिले.

फोन संपताच मी त्यांना झापलंच. "काका, अख्ख्या हुडकोला बरोबर शिकवता आणि पोरीपुढेच कसे हो चुकता?"

काका चष्मा पुसत राहिले. "बरोबर बोललो का थे 'शाब्बास बाबा' म्हनते अन फोन ठेवते. चुकलो का अर्धा घंटा बोलते."

काकांनी माझ्या हातून ताटली घेतली आणि हळूच विचारलं, "आता पुढच्या रविवारी काय चुकू? तूच सांग न."