तगरीकडची वाट

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीतले बर्वेकाका गवताकडे टक लावून बसतात. गवत म्हणजे चार बिल्डिंगांच्या मधला मोकळा तुकडा. तिथे कोणाचे पाय कुठून जातात ते गॅलरीत चहा घेत बघायचं, आणि खालून जाणाऱ्याला थांबवून विचारायचं, "कोणी ठरवलं हे?" उत्तराला थांबतील तर शपथ. स्वतःच टाळी वाजवून, "कोणीच नाही!"

शीळफाट्याला ट्रॅफिक तुंबला की सगळे शिव्या घालतात, हे रिक्षात खूश. "अहो, प्रत्येक जण फक्त वीतभर पुढे सरकतोय. त्यातून केवढी गाठ बसली बघा! कोणी ठरवलं?" एकदा रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्ही उतरता का?"

मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे बोलणी खायचं मानाचं पद. मागे मी हौसेने त्या गवतात काटकोनात पेव्हर ब्लॉक बसवले. काका म्हणाले, "बाई, आधी पाय पडू द्या, मग ब्लॉक टाका. लोक कुठून जातील ते तुम्हालाही सांगता यायचं नाही, मलाही नाही." झालं तसंच. एक जण दूध आणायला तिरका गेला, दुसरा त्याच दबलेल्या गवतावरून गेला, तिसऱ्याला आयतं मिळालं. थोड्याच दिवसांत डेअरीपर्यंत मस्त वळणदार पायवाट, आणि माझ्या ब्लॉकवर मांजरं झोपलेली! असा राग आला मला. पण माणूस बरोबर होता, करता काय?

यंदा पावसाळ्यात मात्र काका सकाळी खाली दिसायला लागले. कुंपणाजवळच्या तगरीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. हातात ना परडी, ना फूल. देवाशी तर यांचं कधी जमलंच नाही.

"काका, फेऱ्या कसल्या?" मी विचारलं.

"ही आमची वाट, बाई. तुमची काकू फुलं तोडायची, मी परडी धरायचो. दोघांच्या पायांनी पडली." काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. "आता गवत चढतंय. एकट्याच्या पायांना ऐकत नाही."

घरी येऊन मी माळ्यावरची परडी शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी परडी घेऊन तगरीकडे गेले, तर बी विंगमधल्या सावंतवहिनी आधीच तिथे. त्यांना स्वयंपाकघरातून काका रोज दिसायचे. पुढच्या आठवड्यात, पार्किंगवरून माझ्याशी अबोला धरलेले कुलकर्णीसुद्धा गेटकडे जाताना तगरीला वळसा घालायला लागले. आमचं आपसांत काही बोलणं नाही, ग्रुपवर मेसेज नाही. मग कोण कोण जायला लागलं ते मलाही कळलं नाही.

गणपतीपर्यंत वाट चांगली हातभर रुंद झाली. एका सकाळी काका खाली आले आणि बघतच राहिले. एरवी पुढेमागे जायचो, त्या दिवशी आम्ही तिघं एकाच वेळी तगरीपाशी.

"कोणी... कोणी ठरवलं हे?"

"कोणीच नाही!" तिघंही एकदम ओरडलो.

काकांनी टाळीसाठी हात उचलले, ते तसेच डोळ्यांकडे गेले. मग त्यांनी सावंतवहिनींच्या हातातली परडी घेतली.

"तोडा तुम्ही," म्हणाले. "मी धरतो."