पोशेऱ्याच्या भिंतीवरची नदी

काशिनाथ गुरुजींना कुणी नमस्कार केला की ते उलट विचारत, "पाणी कुठवर आलंय?" पोशेऱ्याच्या शाळेत हजर व्हायला मी मोखाड्याहून वाटेतली नदी ओलांडत चालत पोचलो, तेव्हा माझंही स्वागत याच प्रश्नानं झालं. मी म्हटलं, "पोटरीपर्यंत." त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि मगच मला प्यायला पाणी दिलं.

गुरुजी पूर्वी जव्हार संस्थानच्या कचेरीत नकाशे काढत. संस्थान विलीन झालं आणि त्यांनी जन्मभर आखलेल्या हद्दी एका दिवसात निकामी झाल्या. त्यांना शाळेवर पाठवलं. तेव्हापासून हद्द या गोष्टीवर त्यांचा राग. "हद्द पुसता येते, मास्तर. नदी पुसून दाखवा," हे दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. वर्गात शेळी शिरली तरी ते तिला हाकलत नसत. तिनं माझी भाकरी खाल्ली त्या दिवशीही नाही.

मग त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं: शाळेच्या कुडाच्या भिंतीवर सगळ्या गावानं मिळून नदी काढायची. लग्नात घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे पांढरी चित्रं, लिहिणाऱ्या बायका गावात होत्याच. पोरांनी गेरू आणला, पांढऱ्या रंगासाठी घरोघर पाट्यावर तांदूळ वाटले गेले. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण त्या बायकांची म्होरकी बुधीआजी हिनं आषाढातली फुगलेली नदी काढली, हातातली काडी खाली ठेवली आणि ती घरी निघाली.

"पुढची?" गुरुजींनी विचारलं.

"पुढची सावन लागल तव्हा. जी नाय पाहली ती कशी काढू?"

गुरुजी चिडतील असं मला वाटलं. ते हरखूनच गेले. त्यांनी लगेच भिंतीचे बारा महिन्यांसाठी बारा भाग पाडले. श्रावणात खेकडे आले, माघात दगडांमधली बारीक धार, चैत्रात वाळू उकरून हंडे भरणाऱ्या बायका. फाल्गुनात तपासणीचे साहेब आले होते. भिंत अर्धवट का, असं त्यांनी विचारलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "अजून चैत्र लागायचाय, साहेब." साहेबांनी शेरा लिहिला: भिंत अपूर्ण, शिक्षक विचित्र.

आणि वैशाखात गुरुजींची डहाणूला बदली झाली. भिंतीवर एकटा ज्येष्ठ, आजीचा जेठ, काढायचा राहिला होता. मी त्यांना कधी कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते बुधीआजीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आजी, जेठ आधीच काढ ना. एवढी नदी पुरी झालेली बघून जातो."

"नाय पाहला तो कसा काढू? जेठात तू ये."

मला म्हातारीचा भयंकर राग आला. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. सुट्टी लागली की गुरुजी ट्रंक उचलून "गावी जातो" म्हणत. दिवाळीत मी विसरलेली किल्ली न्यायला परत आलो, तर ते बंद शाळेत एकटेच चूल पेटवून बसले होते. त्यांचं गावी कुणी उरलंच नव्हतं. अशा माणसाची साधी हौस पुरवायला हिचं काय जात होतं?

जेठात गुरुजी आले. उन्हातून, धुळीनं माखून. बुधीआजीकडे उतरले, नागलीची भाकरी आणि सुकट खाऊन चार दिवस राहिले, तांदूळ स्वतः वाटले. आजीनं कोरडी नदी काढली. ती बघत गुरुजी सबंध दुपार शाळेच्या ओसरीवर बसून राहिले.

पुढच्या वर्षी भिंत सारवून पुन्हा नवी नदी. वैशाखापर्यंत सगळी झाली आणि आजी मला म्हणाली, "गुरुजीला कार्ड लिव. जेठ ऱ्हायलाय." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तेव्हा मला राहवलं नाही.

"आजी, साठ-सत्तर जेठ पाहिलेस तू. त्यातला एखादा आठवून काढता येत नाही?"

"डोळं मिटूनशी काढन," ती म्हणाली. "पण मंग त्याला बोलवाचा कशापायी?"

मी कार्डावर डहाणूचा पत्ता घातला.