टिपणीस डॉक्टरांची भिंत

आमच्या रामवाडीतले मुलांचे डॉक्टर टिपणीस पोराला एकदा तपासत आणि बरोबर आलेल्या मोठ्या माणसांना चारदा. म्हणून अख्खं पेण त्यांना पाठीमागे फौजदार म्हणे. त्यांच्या दवाखान्याला लागून माझा एसटीडी बूथ होता आणि मधे फक्त प्लायवुडची भिंत. कानाला काही शटर नसतं, त्यामुळे ती जबानी मला रोज बसल्याजागी ऐकायला मिळे.

साध्या सर्दी-पडशाला डॉक्टर मरगळत. पण अंगावर पुरळ उठलेलं पोर आलं की या माणसाच्या अंगात वारं शिरे. "आधी कोण आलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. ताप आधी, पुरळ आधी, की गोळी आधी? तापाच्या साथीची पुरळ आणि औषध न सोसल्याची पुरळ या दिसायला सख्ख्या बहिणी, असं ते म्हणत. कोणाच्या मागून कोण आली ते कळलं की ओळख पटते. ही सवय इतकी जडली होती की माझ्या भाच्याच्या मुंजीतही त्यांनी दारातच विचारलं, "आधी कोण आलं?" बिचारा आचारी घाबरून "मी" म्हणाला.

उत्तर मिळालं नाही तर ते एकेकाला बाहेर काढत. शेवटी एकच माणूस उरलं की खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसत आणि म्हणत, "मला नका सांगू. भिंतीला सांगा." ती भिंत म्हणजे माझीच. पलीकडे मी.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. जोह्याहून सुगंधा आणि तिची सासू चार वर्षांच्या मनीला घेऊन आल्या. पोरगी तापानं फणफणलेली, अंगभर लाल चट्टे.

"बाया आल्यात पोरीला," सासूनं सांगितलं. "घरात फोडणी बंद हाय. औषीद तर शिवलो पन नाय."

बाया म्हणजे देवी; तिचा कोप वाढतो म्हणून अशा वेळी आमच्याकडे फोडणी घालत नाहीत की औषध देत नाहीत. दिलंच असेल, तर कबूल करत नाहीत.

"आ कर" झालं, बॅटरीची कळ वाजली आणि खुर्ची करकरली. "सर्दी नाही, खोकला नाही. चट्टे छातीवर आधी उठले म्हणता. ओठ सोलवटलेत, तोंडात फोड. हा गोवर नव्हे. गोळी कुठली दिलीत?"

"काय नाय दिली," दोघी एकदम म्हणाल्या.

"आजी, देवीचं म्हणता, तर कडुलिंबाचा टाळा पाहिजे. स्टँडमागच्या झाडाचाच आणा, बाकी चालणार नाही." सासूला हा डॉक्टर एकदम पसंत पडला. ती लगबगीनं गेली. खुर्ची फिरली.

"ताई, भिंतीला सांगा."

सुगंधा पुटपुटली, "हगवन लागली तवा थोरलीच्या उरलेल्या गोळ्या दिल्या. मंग ताप आला, तरी देतच व्हते. आज सकाळला पन दिली." पिशवीतून कागदाची पुडी निघाल्याचा आवाज आला.

"सापडला चोर!" डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की माझा फोन हलला. "आता गोळी बंद. हे नाव पाठ करा. पुन्हा जन्मात द्यायची नाही, कुठल्याही डॉक्टरनं दिली तरी."

"सासूबायला कळला तर घरात ठेवाची नाय," सुगंधा रडू लागली. "मीच मारली असती पोरीला."

खुर्ची काही वळली नाही. डॉक्टर भिंतीकडे तोंड करूनच बोलले, आणि त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"रोह्याला माझ्या धाकट्या बहिणीला असंच झालं होतं. डॉक्टरांनी गोळीचं विचारलं, तेव्हा घरात सगळं गणगोत जमलेलं. आई नाही म्हणाली. बहीण बरी व्हावी म्हणून लपून ती गोळी देतच राहिली. बहीण गेली. आईला कुणी असं एकटीला विचारलंच नाही, हो."

माझ्या बूथवर एक गिऱ्हाईक मुंबईला ओरडत होतं. मी त्याला हातानं गप्प केलं.

सासू टाळा घेऊन आली. डॉक्टरांनी तो आदरानं घेतला. "आजी, देवी नाही, खुशाल फोडणी घाला. एक औषध पोरीला सोसलं नाही. कुणी दिलं ते मला कळलंय, तेवढं पुरे. दिलं ते मायेनंच." मग त्यांनी माझ्या बूथवरून पनवेलच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला, अख्ख्या रामवाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गणपतीच्या मूर्ती गिऱ्हाइकांकडे पोचवून परत आलेला एक टेम्पो दारात थांबवला आणि दवाखाना उघडा टाकून मनीला मांडीवर घेऊन पेंढ्यात बसून गेले.

दिवाळीच्या सुमारास मनी आली, ओठ चांगले गुलाबी. मागोमाग सुगंधा आणि सासू आल्या. त्या गोळीचं इंग्रजी नाव सासूच धडाधड म्हणून दाखवत होती. डॉक्टर दारातच खाली बसले. "आधी कोण आलं?"

"मी," मनी म्हणाली.

त्या गेल्यावर डॉक्टर फोनच्या निमित्तानं बूथवर आले. फोन काही लावला नाही. प्लायवुडवर बोटानं टकटक केलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय हो, पलीकडचं ऐकू येतं का इथं?"

"छे," मी म्हटलं. "हा पंखा फार खडखडतो."

त्यांनी वर बघितलं. पंखा बंद होता. "राहू दे तसाच," ते म्हणाले आणि पलीकडे गेले.