गांडुळांची पात्रता

सीताफळीच्या पानांच्या अर्कानं जंत लुळे पडतात का, हे पाहण्यासाठी आणलेल्या गांडुळांनी अर्कात उतरायला नकार दिला, कारण ती जंत नव्हती.

"आम्ही कष्टाचं खातो, बाई," थोरलं गांडूळ काचेच्या ताटलीतून रेणुका गावंडेला म्हणालं. "माती उकरतो. कुणाच्या आतड्यात बसून फुकट जेवत नाही."

रेणुकाला ते पटलं. पण तिची पीएचडी याच प्रयोगावर अडली होती, म्हणून ती मार्गदर्शक डॉ. पळसोकरांकडे गेली.

"खरे जंत मिळवणं म्हणजे नसता उपद्व्याप," सर म्हणाले. "सगळे गांडुळंच वापरतात. दिसतात सारखी."

"त्यांना ते मान्य नाही, सर."

"मग त्यांना पात्र करून घेऊ."

गांडुळांची माती काढून घेण्यात आली. प्राध्यापकांच्या खोलीत एका बरणीत त्यांची सोय झाली. दोन वेळचं जेवण, मध्ये चहा. सुरुवातीला ती रोज विचारत, "काही काम आहे का?" रेणुका मान खाली घालून नाही म्हणायची. पुढे विचारणं थांबलं. मग चहा गार असल्याची तक्रार आली. दिवाळीच्या सुमारास थोरलं गांडूळ विभागाच्या समितीच्या बैठकांना बसू लागलं आणि सरांच्या प्रत्येक सूचनेला अनुमोदन देऊ लागलं.

"आता झाली पात्र," सर समाधानानं म्हणाले.

रेणुका अर्क घेऊन बरणीपाशी गेली.

"अगं, आम्ही आता समितीवर आहोत," थोरलं गांडूळ म्हणालं. "सदस्यांवर प्रयोग करता येत नाहीत."

सरांनी नियम पाहिला. बरोबर होतं.

"मग करायचा कुणावर?" सरांनी विचारलं.

"जंतांच्या जागी आजवर कष्टाचं खाणारेच चालत आलेत," गांडूळ म्हणालं. "विभागात तसं कुणी उरलंय का?"

सगळ्यांनी रेणुकाकडे पाहिलं. तिला संताप आला. पण मुदत शुक्रवारी संपत होती आणि सही सरांची लागणार होती. तिनं बाही सारून उजवा हात अर्कात बुडवला. हात लुळा पडला, तेव्हा डाव्या हातानं तिनं वेळ टिपून ठेवली. अर्क परिणामकारक ठरला.

पदवीदान समारंभात रेणुकाचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर गेली आणि पदवी घ्यायला तिनं डावा हात पुढे केला.

पहिल्या रांगेत, सरांच्या मांडीवरच्या बरणीतून थोरलं गांडूळ म्हणालं, "मुलीला काही वळण नाही."

सरांनी अनुमोदन दिलं.