तात्यांची फेरी

इलेक्ट्रिक बाईक घेण्याआधी मी तिच्या गुणदोषांचा तक्ता केला होता. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने भावनेच्या भरात वाहन घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पेट्रोल नाही, धूर नाही, कॉलेजला जायचा खर्च कटिंग चहाइतका, आणि रविवारी भटकायला निघालो तर वाटेतल्या पाखरांचे आवाजसुद्धा ऐकू येतात! दोषांच्या रकान्यात मी फक्त चार्जिंग लिहिले. गाडीला आवाज नाही, हे मी गुणांत धरले होते. चुकलो तो तिथेच.

घोटीजवळच्या आमच्या गावी माझे चुलते हिरामणतात्या गोठ्यात म्हशीला पेंढा घालत होते. मी गाडी थेट त्यांच्या पाठीशी नेऊन थांबवली. ते वळले आणि पेंढा हातातून गळाला.

“माणूस आला का सावली आली, कळंना,” तात्या म्हणाले. मग ते गाडीभोवती दोनदा फिरले, सीटवरून हात फिरवला आणि लहान मुलासारखे म्हणाले, “रवी, मला एक फेरी मारून आण.”

गावात सकाळपासून वीज नव्हती. बॅटरीत एकोणचाळीस टक्के उरले होते आणि नाशिकला परतायला तेवढेच लागत. हे सारे मी तात्यांना नीट समजावून सांगितले आणि पुढच्या रविवारचा वायदा केला. तात्या बुधवारी गेले.

दहाव्याला आम्ही नाशिकला गोदाघाटावर जमलो. धुके इतके दाट होते की नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मी गाडी घाटाच्या वरच्या अंगाला, पिंपळाखाली लावली. त्याच पिंपळावर कावळे बसले होते. एरवी कलकलाट करणारे ते पक्षी त्या सकाळी कमालीचे गप्प होते.

तात्यांचा मुलगा समाधान मुंडण करून ओल्या धोतरात कुडकुडत उभा होता. पिंड मांडले गेले. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला कावळा लगेच शिवला आणि ती माणसे धुक्यात विरून गेली. आमच्याकडेही एक कावळा उतरला, उड्या मारीत जवळ आला. नेमका त्याच वेळी मी नमस्काराला उकिडवा बसलो, आणि वरून माझ्या गाडीचा आवाज आला. टींव, टींव. धुक्यात दोन केशरी डोळे उघडले आणि मिटले. कावळा उडाला. अख्खा पिंपळ रिकामा झाला.

गाडीपाशी कोणीही नव्हते.

आईला सांभाळीन, असे समाधानने मोठ्याने सांगितले. कावळे परतले, एक खाली आला. मी पुन्हा बसून हात जोडले. टींव, टींव. सर्वांनी एकदा गाडीकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. अंधश्रद्धेवर व्याख्याने दिलेला माणूस मी, पण माझ्या मानेवर कोणीतरी थंड श्वास सोडतो आहे, असे मला वाटू लागले.

तासभर हेच चालले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकण्याची तयारी दाखवली. तात्यांच्या पत्नी नवसाकाकींनी नकारार्थी मान हलवली. तात्या गेल्यापासून त्या धड जेवल्या नव्हत्या, आणि तात्यांच्या मनातले काय अडले आहे ते कळल्याशिवाय त्या घाट सोडणार नव्हत्या. त्या माझ्यापाशी आल्या.

“रवी, त्यांनी तुझ्यापाशी काय मागितलं होतं?”

काही नाही, असे म्हणता आले असते. मी खरे सांगितले. एकोणचाळीस टक्क्यांसकट.

काकी रागावल्या असत्या तर बरे झाले असते. “मग आता तुझ्या हातानं दे त्यांना,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो, खिशातून किल्ली काढली आणि पिंडाकडे पाहून म्हणालो, “तात्या, गाडी तुमची. समाधान तुम्हाला रोज फिरवील.” काकींनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. धुक्यातून एक कावळा सावकाश चालत आला आणि पिंडाला शिवला. गाडी गप्प होती. हा निव्वळ योगायोग असण्याची संभाव्यता मी मनात काढू लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिली.

तेराव्याला गावी एस.टी.ने गेलो. गाडी अंगणात उभी होती. पंगत बसली; समाधान माझ्या शेजारी मांडी घालून बसला. टींव, टींव.

पंगतीतले हात पानावर थांबले. समाधानने चाचपडत खिशातून किल्ली काढली. तिच्यावर एक छोटे बटण आहे. गर्दीत गाडी सापडावी म्हणून ते असते, असे विक्रेत्याने मला सांगितले होते. माझी गाडी कधी हरवलीच नव्हती, म्हणून मी ते विसरून गेलो होतो. समाधानने बटणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला घाटावरचे माझे एकेक उकिडवे बसणे आठवले. गाडी परत मिळायला एक वाक्य पुरेसे होते. मी तोंड उघडले.

“आले का?” काकी दारातून म्हणाल्या.

त्यांनी अंगणाच्या बाजूला एक पान मांडले, त्यावर सगळे वाढले, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच स्वतः त्या पानाशेजारी जेवायला बसल्या. मी उघडलेल्या तोंडात घास घातला. समाधानने घाईघाईने किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि मांडी सावरली. टींव, टींव.

“भात मागत्यात,” काकी म्हणाल्या. “वाढ रे. लय आवड त्यांना.”

पाचची एस.टी. धरून मी परतलो. तिचा आवाज दोन गावे आधीपासून ऐकू येतो. तक्त्यात मी तो गुणांत लिहिला.