ट्रॅक्टरवरचं पाण्याचं ताट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ट्रॅक्टरची निगा राखावी तर मीच! नऊ वर्षांत अंगावर एक ओरखडा नाही. केळीच्या दोन ओळींमधून मांजरासारखा जातो. गिअरची भानगड नाही, सगळं तेलाच्या जोरावर. पाय दाबला की पुढे, टाच दाबली की मागे!

पसंत केला होता माझ्या बायकोने, बेबाबाईने. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला जाऊन वर्ष होईल. दर सोमवारी ती ट्रॅक्टरच्या पत्र्यावर पाण्याचं ताट ठेवून पूजा करायची. मी समोर डोळे मिटून, हात जोडून उभा. ती गेली, पण मी एकही सोमवार चुकवला नाही. ट्रॅक्टर असेल तिथे ताट ठेवतो, फूल वाहतो. बहुतेक वेळा पाणी एका बाजूने सांडतं. मी म्हणतो, देवाने घेतलं!

मुलगा हितेंद्र नाशिकला असतो. तो घरी आला आणि म्हणाला, "आबा, आई होती तोवर ठीक. एकट्याने तुम्हाला नाही झेपायचं. विकून टाकू."

आणि रविवारी पारोळ्याचे रतिलालभाऊ गिऱ्हाईक म्हणून हजर! कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. इथून पुढे भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं त्यांना.

मला विकायचा नव्हता. ती नाही, निदान तिचा ट्रॅक्टर तरी दारात असू द्या. पण त्याला कोणी नावं ठेवलेलीही मला खपत नाहीत!

ट्रॅक्टर गोठ्यापुढच्या उतारावर नाक खाली करून उभा होता.

"तेल तपासता का नही?" रतिलालभाऊंनी विचारलं.

"दर आठवड्याला!"

"मंग दखाडा."

आली का पंचाईत! एक झाकण उघडलं, डिझेल. दुसरं उघडलं, पाणी. हितेंद्र कानाशी पुटपुटला, "सीटच्या मागे, आबा. लाल चिंधी बघा." आणि चहा सांगायला घरात गेला.

चिंधी बेबाबाईच्या लुगड्याची. ती बांधलेली तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून काढली. टोकाला तेलाचा ठिपकासुद्धा नाही!

"हाई ते कोरडी शे!"

"कोरडी? माझ्या ट्रॅक्टरची?" मी तेलाचा डबा आणला आणि खुणेपर्यंत ओतत गेलो. "बघा आता!"

रतिलालभाऊ ऐटीत बसले आणि सपाट खळ्यात चकरा मारू लागले. तिसऱ्या चकरेला सीटखाली पोट बिघडल्यासारखी गुडगुड झाली आणि तेल भसकन वर आलं! रतिलालभाऊंनी उडी मारली. पायजम्यावर मागे अख्खा जळगाव जिल्हा उमटला होता, तालुक्यांसकट!

"मना पायजमा गया ना भो! साखरपुडाले काय असा जाऊ? माले नको हाऊ ट्रॅक्टर!"

मी माझा पायजमा दिला. त्यांना तो गुडघ्यापर्यंत आला. तसेच गेले साखरपुड्याला.

हितेंद्रने रिकामा डबा पाहिला, उतार पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आबा! नाक खाली असलं की तेल पुढे जातं. पट्टी कोरडीच दिसणार! आई आधी पाणी ठेवून बघायची ना?"

"ती पूजा होती."

"कसली पूजा? ताटात पाणी सगळीकडे सारखं दिसलं, म्हणजे ट्रॅक्टर सपाटीवर. मगच पट्टी काढायची!"

नऊ वर्षं! दर सोमवारी!

मी ओतलेल्यातलं सांडून उरलेलं तेल काढलं आणि ट्रॅक्टर खळ्यात उभा केला. ताट ठेवलं. पाणी सगळीकडे सारखं. पट्टी काढली. तेल बरोब्बर खुणेवर! चौथी शिकलेली बाई माझी, पण तिचं माप चुकलं नव्हतं. ऊर कसा भरून आला म्हणून सांगू!

हितेंद्र बराच वेळ हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "राहू द्या, आबा. नाही विकत. पण हे असंच तपासायचं."

आता दर सोमवारी ट्रॅक्टर आधी खळ्यात नेतो. ताट ठेवतो, पाणी बघतो, मगच पट्टी काढतो. अगदी शास्त्रशुद्ध!

हात मात्र तोवर जोडून झालेले असतात.